'मतदान कर' म्हणण्यापेक्षा 'किती वाजता जाणार?' विचारा

घरच्यांना किती सांगितलं तरी स्थानिक निवडणुकीत ते बाहेर पडत नाहीत, सांगून उपयोग नाही, असं बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. उपयोग होतो, फक्त सांगायची पद्धत बदलावी लागते.

मतदान हे कर्तव्य आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी साधे प्रश्न विचारा: किती वाजता जाणार? कुठून निघणार? त्याआधी काय काम आहे? २००८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात निकरसन आणि रॉजर्स या संशोधकांनी फोनवरून नेमकं हेच विचारून पाहिलं आणि मतदान वाढलं. सगळ्यात ठळक फरक दिसला तो घरात एकच मतदार असलेल्यांमध्ये. म्हणून एकट्या राहणाऱ्या काका-मावशींना, मित्रमैत्रिणींना आधी फोन करा. एरवी हे त्यांना विचारणारं घरात कोणीच नसतं.

निकरसन यांच्याच आधीच्या एका प्रयोगात, दारावर आलेल्या माणसाशी घरातली एकच व्यक्ती बोलली, तरी दुसरीचंही मतदान वाढलं होतं. म्हणजे घरातलं एक माणूस तयार झालं तरी पुष्कळ.

यादीत नाव आहे का, हे मात्र वेळेत बघायला लावा. आदल्या दिवशी कळून काही करता येत नाही.

आणि कृपा करून कोणाला मत द्यायचं ते सांगू नका. वाद तिथे सुरू होतो आणि माणूस घरीच बसतो. उमेदवारांची माहिती मागितली तर जरूर द्या, सगळ्यांची द्या.