फौंड्रीतल्या परप्रांतीयांचे कागद: मालकानं बघायचे की पोलिसांनी?

मच्छेकर

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती, होनगा या पट्ट्यातल्या फौंड्र्या (धातूचं ओतकाम करणारे कारखाने) आता बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालच्या पोरांवर चालतात. मोल्डिंग-फेटलिंगला (साचे भरणं, ओतीव घासून साफ करणं) स्थानिक माणूस मिळत नाही, हे मान्य. पण त्यात बांगलादेशातून बिनव्हिसा आलेला कोणी असला तर तो कळणार कुठं? सगळे सरहद्दीवर अडतील ही आशा सोडा. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची, त्यातली २,२१७ एकट्या पश्चिम बंगालची. जमिनीवर कुंपण घालाल, नदीत काय घालाल? पाणी चढलं की चर, म्हणजे नदीतलं गाळाचं बेट, बुडतं, उतरलं की दुसरीकडंच वर येतं. खांब रोवायचा कशात? त्यात १९७५ च्या ठरावाप्रमाणं शून्य रेषेपासून (प्रत्यक्ष सीमेपासून) १५० यार्डांत संरक्षणाचं बांधकाम चालत नाही. मग कुंपण आत सरकतं, लोकांची शेतं पलीकडं राहतात, त्यांच्यासाठी फाटक ठेवावं लागतं. फाटक आलं की ये-जा आलीच.

म्हणून माझं मत असं की जिथं काम आणि खोली मिळते तिथं कायदा लावा. लॉजवाला परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरतो, नाही भरली तर त्याच्यावर कारवाई होते. मग पत्र्याच्या शेडात चाळीस पोरं ठेवणाऱ्या ठेकेदाराला मोकळीक कशाला? त्यानंही २४ तासांत ठाण्यात यादी द्यावी. आधार नाही तर गेटपास नाही. दुसऱ्यांदा सापडला तर कारखान्याचा परवाना काढून घ्या.

कोर्टकचेरी

मच्छेकर साहेब, पहिल्याच पायरीला घसरलात. आधार कायद्याचं कलम ९ वाचा. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, रहिवासाच्या हक्काचाही नाही. आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कुणालाही आधार मिळतं, परदेशी माणसालासुद्धा. इथं वैद्यकीय शिकायला आलेल्या मलेशियाच्या पोरालाही ते कायदेशीर मिळू शकतं. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर हेच सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढ्यावरून माणूस नागरिक ठरत नाही. म्हणजे तुमच्या गेटवर बांगलादेशी आत जाणार, कारण दलालानं त्याला आधी आधारच काढून दिलेलं असतं. आणि बाहेर राहणार तो आधार हरवलेला झारखंडचा संथाळ.

आता नागरिक कोण ते बघा. जन्म १ जुलै १९८७ च्या आधी भारतात झाला असेल तर तेवढं पुरे. त्या दिवसापासून २ डिसेंबर २००४ पर्यंतचा जन्म असेल तर आई-वडलांपैकी एक नागरिक हवा. त्यानंतरचा असेल तर एक नागरिक हवा आणि दुसरा अवैध स्थलांतरित नको. फेटलिंगला उभा असलेला १९-२० वर्षांचा पोरगा तिसऱ्या गटात येतो. म्हणजे त्याचा एकट्याचा कागद उपयोगाचा नाही, आई-बाप दोघांचे कागद लागणार. हे तुमचा टाइमकीपर गेटवर तपासणार?

निपाणीकर

होय की! आणि गेटवर तपासणार ते कसं, सांगू? तोंड उघडायला लावणार. बंगाली बोलला की बाजूला. अहो, मालदा, मुर्शिदाबाद, कूचबिहार हे भारताचे जिल्हे आहेत. तिथला मुसलमान ‘पानी’ म्हणतो, ‘जल’ म्हणत नाही, आणि पलीकडचाही ‘पानी’च म्हणतो. सिल्हेटी बोली आसामच्या बराक खोऱ्यात घरोघरी आहे. राजबंशी दोन्हीकडं आहे. बोलीवरून देश ओळखायला निघालात तर उद्या मला कोगनोळी नाक्यावर उभा करून ‘मराठी बोलतोस, जा कागलला’ म्हणाल. आपल्या मुलखातल्या माणसाला तरी हे समजायला पाहिजे.

कूचबिहारातल्या ५१ छिटमहालांचं, म्हणजे चारी बाजूंनी भारतानं वेढलेल्या बांगलादेशी तुकड्यांचं, काय करणार? ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री ती बांगलादेशाची गावं भारताची झाली आणि १४ हजारांहून जास्त माणसं भारतीय नागरिक झाली. त्यांच्याकडं २०१५ च्या आधीचा भारतीय कागद असेल कुठून? मागितला तर सापडणार नाही, आणि सापडला तरच तो खोटा.

मच्छेकर

भाषेवरून ओळखा असं मी लिहिलंच नाही निपाणीकर, माझ्या तोंडी घालू नका. ठेकेदाराला जबाबदार धरा असं लिहिलं. दोन्ही वेगळं आहे.

निपाणीकर

कागदावर वेगळं आहे. परवाना जाणार म्हटल्यावर मालक काय करील? बंगाली ठेवणंच बंद करील. यादी भरायचा त्रास नको, नावातच ‘शेख’ नको. कायदा तसं सांगत नाही, पण दंडाची भीती तसंच करून घेते.

बंदोबस्त

पोलिसांकडून काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

संशयित मिळाला की आधी मोबाइल बघतात. ८८० ने सुरू होणारे कॉल, बिकाशवरून (बांगलादेशातली मोबाइलवरनं पैसे पाठवायची सेवा) पैसे पाठवल्याचे मेसेज, गॅलरीत बांगलादेशी ओळखपत्राचा फोटो (नंबर १०, १३ किंवा १७ आकडी असतो). हे धागे आहेत, पुरावा नव्हे. सरहद्दीजवळच्या भारतीयाचा मामाही पलीकडं असू शकतो. मग तोंडी चौकशी. गाव, ठाणं, पोस्ट, शाळा कुठली, हेडमास्तर कोण, बाजाराचा वार कुठला, जवळचं रेल्वे स्टेशन कुठलं. पढवून आणलेला माणूस गाव-ठाणं बरोबर सांगतो आणि बाजाराच्या वाराला अडकतो.

खरं काम यानंतरचं. तो सांगतो त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पत्र जातं, तिथनं गावच्या ठाण्याला, तिथला माणूस घरी जाऊन बघून येणार. मे २०२५ मध्ये केंद्रानं यासाठी राज्यांना ३० दिवसांची मुदत घालून दिली. इथून गेलेल्या पत्रात गावाचं नाव चुकलेलं असतं, कारण ते बंगालीतून हिंदीत, हिंदीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत आलेलं असतं. तिकडचं ठाणं ‘असं गाव नाही’ म्हणून शेरा मारून परत पाठवतं. तीस दिवस संपले. आता हा परदेशी की टपाल चुकलेला भारतीय?

दुसरी गोची गुन्हा नोंदवण्याची. परदेशी ठरलेल्या माणसावर एफआयआर केला की खटला संपेपर्यंत त्याला देशाबाहेर धाडता येत नाही. जामीन मिळतो, पत्ता शेडचा, शेड बदलली की माणूस गायब. गुन्हा न नोंदवता थेट परत पाठवायचं तर बेंगळूरच्या एफआरआरओचा (परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं केंद्राचं कार्यालय) हुकूम हवा, बांगलादेशच्या वकिलातीकडून तो त्यांचाच आहे याची खात्री हवी, आणि ती यायला महिने लागतात. तोवर ठेवायचं कुठं? कर्नाटकात परदेशी लोकांना ठेवायचं केंद्र आहे सोंडेकोप्पला, नेलमंगल तालुक्यात. इथून साडेचारशे किलोमीटरच्या वर. एका माणसामागं गाडी आणि एस्कॉर्ट, बाईमाणूस असली की महिला पोलीस. रात्रपाळीला माणसं पुरत नसलेलं ठाणं हे आठवड्याला किती वेळा करील ते तुम्हीच बघा.

कोर्टकचेरी

बंदोबस्त, नेमकं लिहिलंत. यात कायद्याची भर घालतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे गेले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटा पासपोर्ट-व्हिसा वापरला तर कमीत कमी २ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड १ ते १० लाख. व्हिसा संपून राहिला तर ३ वर्षांपर्यंत. मी परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार जुन्या कायद्यासारखा इथंही त्या माणसावरच आहे.

पण एवढ्यावरून पोलिसांनी बोट दाखवलं की संपलं, असं नाही. जुलै २०२४ मध्ये आसामच्या रहीम अली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भार टाकण्याआधी संशयाला आधार असलेली काही सामग्री सरकारकडं पाहिजे आणि ती त्या माणसाला दिली पाहिजे. नावाच्या स्पेलिंगमधला, तारखेतला किरकोळ फरक ही परदेशी ठरवण्याची जागा नव्हे, हेही त्यात आहे.

खानापूरची

स्पेलिंगचं निघालंच आहे म्हणून लिहिते. आपल्याकडच्या एका घराचे कागद पसरून बघा. १९५६ पूर्वी आपण मुंबई राज्यात, तेव्हाचे कागद पुष्कळ गावांत मराठीत, काही मोडीत. नंतरचे कन्नडमध्ये. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानेश्वर’ इंग्रजीत ‘डी’नं सुरू होतं. तेच नाव रेशनकार्डावर कन्नडमधून इंग्रजीत आलं की ‘जे’ नाहीतर ‘जी’नं. जन्मगाव १ नोव्हेंबर २०१४ च्या आधी बेळगाव, नंतर बेळगावी. आडनाव कधी पुढं, कधी मागं, कधी नुसतं आद्याक्षर. मुलीचं लग्नानंतर नाव-आडनाव दोन्ही बदललेलं, आणि जोडणारा कागद एकच, लग्नपत्रिका. उद्या कुणी ‘सिद्ध करा’ म्हटलं तर आपल्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या बायका अडतील.

बंगालच्या बायकांचं तंतोतंत हेच. लग्नाआधी खातून, नंतर बीबी, नवरा गेला की बेवा. एकाच बाईची तीन नावं. पुरुषांत शेखचं इंग्रजीत नुसतं ‘एसके’ लिहायची रीत. आसामच्या नागरिक नोंदणीत ३१ ऑगस्ट २०१९ ला १९ लाख ६ हजार ६५७ लोक यादीबाहेर राहिले, त्यात असल्या कागदी तफावतीचा वाटा मोठा होता. आणि ती यादी अजून अधिसूचितसुद्धा नाही.

मच्छेकर

ताई, मग करायचंच नाही काही? कागद चुकतात म्हणून कायदा गुंडाळायचा? बिनकागदाच्या माणसाला ठेकेदार निम्मी मजुरी देतो, त्यानं आवाज काढला की ‘पोलिसांना देतो’ म्हणतो. त्यात मालदाच्या खऱ्या भारतीय कामगाराचीही मजुरी पडते. कायदा न राबवण्याचा फायदा कुणाला, तेही बोला.

खानापूरची

हा मुद्दा तुमचा बरोबर आहे, आणि इतका वेळ तो कुणी काढला नव्हता. पण मग शिक्षा कामगाराच्या जन्माला कशाला, ठेकेदाराच्या मस्टरला करा.

मुंडगोड

एक आडवी माहिती. आपल्या शेजारीच, कारवार जिल्ह्यात मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. त्यांच्याकडं नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते वेळेवर नूतनीकरण करतात. ‘परदेशी’ माणूस कायद्यात राहून कसा नांदतो ते बघायचं तर लांब जायला नको. त्यातही २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानंच नागरिक, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ ला सांगितलंय. चायनीजच्या गाड्यावरचा नेपाळी तर १९५० च्या करारामुळं बिनव्हिसा राहू शकतो. म्हणजे ‘परदेशी’ आणि ‘बेकायदा’ हे दोन शब्द एक नव्हेत.

निपाणीकर

बंदोबस्तांनी तीस दिवस लिहिले, त्याचं पुढं काय होतं तेही लिहायला हवं. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट बांगलादेशात ढकलले, आणि बंगाल सरकारनं कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. आपल्याच नागरिकाला हद्दीबाहेर काढलं तर ती कसली सीमासुरक्षा?

बंदोबस्त

नाकारत नाही. ती चूक घाईची. घरच्या जिल्ह्याचं उत्तर हातात येण्याआधी माणूस हलवायचा नसतो. एक सोपी वाट आहे, तीही कुणी वापरत नाही. पश्चिम बंगालची २००२ ची मतदार यादी बूथनिहाय ऑनलाइन आहे. आई-बापाचं किंवा आजोबांचं नाव आणि गाव विचारून अर्ध्या तासात बघता येतं. तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, वकीलसाहेब रागावतील, पण कुणाला सोडायचं आणि कुणाची पुढं चौकशी करायची याची चाळण होते. बंगाली वाचणारा एक माणूस लागतो, एवढंच.

कोर्टकचेरी

रागावत नाही. चाळण म्हणून चालेल, निकाल म्हणून नाही.

मच्छेकर, तुमच्या यादीसाठी नवा नियम नको, आहे तो पाळा. आंतरराज्य कामगारांच्या १९७९ च्या कायद्यात ५ माणसांपासून नोंदणी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत तो आकडा १० झाला. त्यात कामगाराचं मूळ गाव, ठेकेदार, वर्षाचं प्रवासभाडं असं सगळं येतं. ही यादी कामगार खात्याकडं राहते. ती ठाण्यात गेली की पोरं नोंदच करून घेणार नाहीत, मग तुमचीही यादी गेली आणि त्यांचा अपघात विमाही.

मच्छेकर

दहाचा आकडा म्हणजे ठेकेदाराला आमंत्रणच झालं की. एकाच शेडात तीन नावांवर तीन ठेके, प्रत्येकी नऊ माणसं. तपासणीला आलेला माणूस मस्टर बघून सही करतो. याचं काय?

बंदोबस्त

मस्टर बघू नका, मेसचं महिन्याचं बिल मागा. गॅसच्या टाक्या किती, तांदूळ किती पोती. मग ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन काढा आणि गेटच्या रजिस्टरशी ताडा. मस्टरवर सत्तावीस आणि तांदूळ साठ माणसांचा, तिथं बसून चौकशी करा. आधी ठेकेदाराची.