क्रॉप सेन्सरवर पहिली प्राइम ५०चीच कशाला?

फोकसराव
किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ झूमला) कंटाळलेल्या प्रत्येकाला ठरलेला सल्ला मिळतो: डोळे झाकून प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, ५० एमएम एफ/१.८ घे (एफचा आकडा लहान तितकं प्रकाश आत घेणारं छिद्र मोठं). हा सल्ला फिल्मच्या काळातला. क्रॉप बॉडीवर, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तीच लेन्स निकॉन-सोनीवर ७५ आणि कॅननवर ८० एमएमसारखी दिसते. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभ्या फ्रेममध्ये घ्यायला साधारण साडेचार मीटर मागे सरकावं लागतं. घरात त्याआधीच पाठीला भिंत लागते. ३५ला तीन मीटर पुरतात. पहिली प्राइम ३५च घ्यावी. ५० दुसरी, तीही घेतलीच तर.

आडवी_फ्रेम
साफ असहमत. घरात पायापर्यंतचा फोटो हवाय कुणाला? लोक प्राइम घेतात चेहऱ्यासाठी आणि मागचा पसारा पुसला जावा म्हणून. १.८वर ५०च्या छिद्राचा व्यास जवळपास २८ मिमी, ३५चा १९. धूसरपणा येतो तो त्यातूनच. आणि ३५ने चेहरा फ्रेमभर घ्यायला गेलात की नाक पुढे, कान मागे.
शिवाय कॅननवाल्यांनी काय करायचं? निकॉनने डीएक्ससाठी (त्यांच्या क्रॉप बॉडींसाठी) ३५ एफ/१.८ २००९मध्येच आणली. कॅननच्या ईएफ-एसमध्ये (क्रॉप बॉडीच्या लेन्समध्ये) १.८ची ३५ नाहीच. स्वस्तात आहे ती २४ एफ/२.८.

फोकसराव
नाक मोठं दिसतं ते जवळ गेल्यामुळे, त्यात लेन्सचा दोष नाही. एक पाऊल मागे या, खांद्यापर्यंत घ्या, झालं. आणि त्या २८ मिमीचं कौतुक पुरे. दीड मीटरवरून ५०ने १.८वर काढलेल्या फोटोत फोकसमध्ये असतं जेमतेम सहा सेंटिमीटर. मान जराशी वळली की जवळचा डोळा धारदार आणि पलीकडचा मऊ. मग सगळे गुपचूप २.८वर येतात.

आडवी_फ्रेम
येऊ देत की. २.८वरही ५०चं छिद्र १८ मिमीचं राहतं, म्हणजे तुमच्या ३५चं पूर्ण उघडल्यावर असतं जवळपास तेवढंच!

किटवर_खूश
तुम्ही दोघंही पैसे खर्च करायला लावताय. किटला स्टॅबिलायझेशन असतं, या स्वस्त प्राइमना बहुतेक नसतं. १/१० सेकंदाला हात धरून काढतो मी, व्यवस्थित येतात.

फोकसराव
फुलदाणीचे येतील. रांगणाऱ्या बाळाचे काढून दाखवा. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, बाळाला नाही. किट ५५वर एफ/५.६ला अडकते. तिथे आयएसओ (प्रकाश कमी पडला की वाढवायची संवेदनशीलता; वाढली की फोटो दाणेदार) ६४०० लागत असेल, तर त्याच शटर-वेगाला १.८वर ६४० पुरतो. (या एका मुद्द्यावर आडवी_फ्रेम आणि मी एका बाजूला, नोंद घ्यावी.)

किटवर_खूश
बरं, समजा घेतली. मग कुठली, हे आपले जुने फोटो बघून ठरवावं ना? कुठल्या फोकल लेंथला (३५, ५० हे एमएमचे आकडे) जास्त काढलेत ते कळतंच.

आडवी_फ्रेम
त्यात काही कळत नाही. सगळ्यांचे निम्मे फोटो १८वर आणि उरलेले ५५वर असतात, कारण माणूस झूम टोकापर्यंत फिरवतो. त्यापेक्षा झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून आठवडाभर ३५वर काढा, पुढचा आठवडा ५०वर.

नवा_शटर
मध्येच विचारतो. निकॉन डी३४०० आहे. ५० एफ/१.८डी सेकंडहँड स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

फोकसराव
नको. ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नाही आणि तुमच्या बॉडीतही नाही. ऑटोफोकस चालणार नाही. व्ह्यूफाइंडरच्या खाली डावीकडे फोकस जमल्याचा हिरवा ठिपका बघत हाताने रिंग फिरवत बसाल, तोवर समोरचा उठून गेलेला असेल. नावात एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) असलेली ‘जी’ घ्या. ३५ची.

आडवी_फ्रेम
एएफ-एस ‘जी’ ५०चीही आहे, हे सांगायचं राहिलं वाटतं.