जुना पीएफ काढू की ठेवू? (वय ४२, मोठ्या गॅपनंतर पुन्हा नोकरी)

ऐरोलीकरीण
मुलगी झाली तेव्हा, २०१६ मध्ये, नोकरी सोडली. त्याआधी ८ वर्षं ४ महिने एकाच कंपनीत होते. आता पुढच्या महिन्यापासून महापेला एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघायला जाणार आहे. जुना पीएफ तसाच पडून आहे. एचआरवाला म्हणतो, "मॅडम, काढून टाका, नव्याने सुरू करू." नवरा म्हणतो, काढ आणि गृहकर्जात भर. माझं मन होत नाहीये. घरात फक्त माझ्या नावावर असलेली ही एकच गोष्ट आहे.
शिवाय सासूबाई (६३, ठाण्यात असतात) यांची १५ लाखांची एफडी सुटतेय. ती कुठे ठेवावी?
एजंट मंडळींनी कृपया व्यनि करू नये.

घणसोली_लोकल
अजिबात काढू नका. पीएफमध्ये दोन कप्पे असतात. एक तुमची जमा रक्कम, दुसरा ईपीएस, म्हणजे पेन्शन. दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. ५८ व्या वर्षापासून पेन्शन हवी तर किमान १० वर्षं सेवा लागते. तुमची ८ वर्षं ४ महिने झालीत. म्हणजे अजून १ वर्ष ८ महिने! ईपीएस काढलात तर ती सेवा पुसली जाते, आणि नवीन नोकरीत बेसिक १५,००० च्या वर असेल तर पुन्हा ईपीएसमध्ये घेतही नाहीत. १ सप्टेंबर २०१४ पासूनचा नियम आहे. जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नवीन ऑफिसला द्या आणि ट्रान्सफर टाका.
पेन्शन काही डोळे दिपवणारी नसेल, ५८ पर्यंत नोकरी केलीत तर चार-साडेचार हजारांच्या आसपास. पण मरेपर्यंत येईल.

तलावपाळी_काकू
अगं, सासूबाईंना पोस्टात ने. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम, ८.२ टक्के, उघडताना जो दर तोच पाच वर्षं. १५ लाखांवर दर तीन महिन्यांनी ३०,७५० येतील. मर्यादा ३० लाख. खातं त्यांच्या नावावर, नॉमिनी त्याच दिवशी लिहून घे.
नॉमिनीचं मुद्दाम सांगते. आमचे हे गेले तेव्हा मला किती खाती आहेत हेच माहीत नव्हतं. एका एफडीवर नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव निघालं, त्यांना जाऊन अकरा वर्षं झालेली! बँकेत सात खेपा झाल्या. मी आयुष्यभर भिशी लावली. भिशीतून फ्रीज आला, पाटल्या आल्या, दरमहा येणारा पैसा मात्र कधी नाही आला. भिशी सोडू नका, मजा असते, पण तिला बचत म्हणू नका.

नेरुळ_२४
मी २४ ची, पहिल्याच नोकरीत आहे. साठीचा विचार आत्ताच करायचा? 🙄

घणसोली_लोकल
करायचाच. महिना ५,००० पीपीएफमध्ये (बँकेत किंवा पोस्टात उघडायचं सरकारी बचत खातं) टाकलेत तर ७.१ टक्क्यांनी १५ वर्षांत सुमारे १६ लाख होतात, आणि तेव्हा तुम्ही ३९ च्या असाल. पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या हप्त्यावर त्या महिन्याचं व्याज बुडतं. सगळंच पीपीएफमध्ये नको, या वयात थोडी इंडेक्स फंडाची एसआयपी (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात दरमहा ठरावीक रक्कम) पण हवी.

ऐरोलीकरीण
आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंसाठी काही? वय ३५.

तलावपाळी_काकू
अटल पेन्शन. चाळिशीच्या आतच घेतात, त्यामुळे घाई कर. ३५ ला सुरू केलं तर महिना ९०२ रुपये, आणि साठीनंतर दरमहा ५,००० नक्की. आयकर भरणाऱ्यांना मिळत नाही, ताईंना ती अडचण नसावी. लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर त्यातूनच कापले जाऊ देत. हातात आले की घरचे मागतात.

ऐरोलीकरीण
अपडेट: यूएएन सापडला! पण पीएफवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबर मी कधीच बंद केलाय.

घणसोली_लोकल
निम्म्या बायकांचं हेच होतं. आधी जॉइंट डिक्लरेशनने (पीएफमधली माहिती दुरुस्त करायचा अर्ज) नाव दुरुस्त करा, जुन्या कंपनीची मंजुरी लागली तर तिथल्या कुणाला तरी गाठा. ट्रान्सफर त्यानंतरच टाका, नाहीतर रिजेक्ट होईल. लग्नाचं सर्टिफिकेट आहे ना?

ऐरोलीकरीण
लग्नाचा अल्बम आहे 😄 सर्टिफिकेट काढलंच नव्हतं. उद्या महापालिकेत जाते.