मुंबईच्या टर्मिनल २ वर ज्येष्ठांचे जेवण, लाउंज आणि सुरक्षा तपासणी : मार्गदर्शन हवे आहे

जुळे सोलापूर

नमस्कार. माझे आई-वडील पुढील महिन्यात धाकट्या बहिणीकडे अमेरिकेला निघाले आहेत. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी उतरायचे, दिवसभर ठाण्याला मावशीकडे थांबायचे आणि रात्री टर्मिनल २ वरून दुबईमार्गे जाणारे विमान घ्यायचे, असे ठरले आहे. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास आहे. आईला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते, त्यामुळे तिचे खाणे वेळेवर होणे अत्यावश्यक आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, परंतु चाकाची खुर्ची मागण्यास ते तयार नाहीत. बहिणीने शेंगाचटणी, कडक भाकरी, काळा मसाला आणि घरचे तूप मागवले आहे. यांपैकी काय कोणत्या बॅगेत ठेवावे, आईने नेमके कुठे जेवावे, आणि वडिलांच्या डेबिट कार्डावर मिळते असे बँकेत सांगितलेली लाउंजची (विमानतळावरील आरामदायी प्रतीक्षा-दालनाची) सोय खरोखर उपयोगी पडेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सात रस्ता

आधी टर्मिनलमधला क्रम लक्षात घ्यावा, कारण जेवणाची वेळ त्यावरच ठरते. दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहून आत सोडतात. त्यानंतर विमान कंपनीच्या काउंटरवर मोठ्या बॅगा देऊन बोर्डिंग पास घ्यायचा, मग इमिग्रेशन (देश सोडण्यापूर्वीची पासपोर्ट तपासणी), मग सुरक्षा तपासणी, आणि त्यानंतर ड्यूटी फ्रीची (करमुक्त मालाची) दुकाने, खाण्याची दालने व गेट. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे असे सांगितले जाते; ज्येष्ठ मंडळींसोबत आणखी थोडा वेळ हाताशी ठेवावा. काउंटर, इमिग्रेशन आणि तपासणी या तिन्ही ठिकाणी रांग लागली, तर दारातून आत शिरल्यापासून शांतपणे बसून घास खाण्यापर्यंत बराच वेळ निघून जातो, आणि इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीसाठी हाच टप्पा सर्वांत जोखमीचा असतो.

म्हणून माझा आग्रह असा, की आईंनी रात्रीचे मुख्य जेवण मावशीकडेच करून निघावे आणि टर्मिनलमधील खाणे जोडखाणे समजावे. सोबतच्या पिशवीत कडक भाकरी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे असा कोरडा जिन्नस ठेवावा; त्याला सुरक्षा तपासणीत हरकत नसते आणि रांगेत उभ्या उभ्याही तो तोंडात टाकता येतो. साखर एकाएकी उतरली तर लागतील म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता अंगावरच्या पर्समध्ये असाव्यात. पाण्याची बाटली तपासणीपूर्वी रिकामी करून न्यावी आणि आत पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरून घ्यावी.

इन्सुलिन मात्र कोणत्याही परिस्थितीत चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या, बॅगेत देऊ नये. विमानाच्या सामानकक्षात ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. हातातील बॅगेतल्या द्रवपदार्थांवरील १०० मिलिलिटरच्या मर्यादेतून आवश्यक औषधे वगळलेली असतात. तरीही डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी, सुया आणि थंडाव्याची जेलपिशवी एकाच पाकिटात ठेवून ते पाकीट ट्रेमध्ये वेगळे काढून दाखवावे. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि पुढे अमेरिकेत हा फरक फार वाढतो, तेव्हा कोणता डोस कोणत्या वेळी घ्यायचा हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.

विजापूर वेस

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. सामानाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सोलापूरच्या घरातून निघणाऱ्या बॅगेत नेमके अडचणीचेच पदार्थ असतात.

सर्वप्रथम काळा मसाला. त्यात खसखस घातलेली असेल तर तो या मार्गाने पाठवूच नये. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि तेथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली मोजली जाते. विमान फक्त बदलायचे आहे म्हणून हा धोका पत्करण्यात अर्थ नाही; बहिणीसाठी खसखस वगळून वेगळा मसाला कुटून द्यावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही देऊ नयेत, कारण त्यांतील तेलामुळे खोबरे ज्वलनशील मानले जाते आणि विमान कंपन्या ते अडवतात.

शेंगाचटणी कोरडी असल्यामुळे द्रवात मोडत नाही. परंतु अमेरिकेला जाणाऱ्या विमानांसाठी २०१८ पासून भुकटीचाही नियम आहे : हातातील बॅगेत सुमारे ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक भुकटी असल्यास तिची जादा तपासणी होते आणि शंका आल्यास ती काढून घेतली जाऊ शकते. तिखटाची पूड तर हातातील बॅगेत नसलेलीच बरी. त्यामुळे चटणी, मसाला आणि तूप हे सर्व चेक-इनच्या बॅगेत जावे. तूप, लोणचे, गुळाचा पाक यांच्यासारखे पातळ किंवा लिबलिबीत पदार्थ हातातील बॅगेत १०० मिलिलिटरच्या आतील डब्यांतच चालतात आणि असे सर्व डबे मिळून एक लिटरच्या एकाच पारदर्शक पिशवीत बसावे लागतात. तुपाचा डबा घट्ट बंद करून दुहेरी पिशवीत ठेवावा आणि पिशवीचे तोंड चिकटपट्टीने बंद करावे. अमेरिकेत उतरल्यावर खाद्यपदार्थ जवळ असल्याचे न चुकता सांगावे. सांगितलेल्या पदार्थाची पाहणी होते आणि तो चालत नसेल तर फार तर काढून घेतला जातो, लपवलेल्या पदार्थासाठी दंड होऊ शकतो.

पॉवर बँक मात्र याच्या अगदी उलट, ती फक्त हातातील बॅगेतच चालते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे ती मर्यादेत बसते. तपासणीच्या वेळी ती आणि मोबाइल ट्रेमध्ये वेगळे ठेवावेत.

आईंना एक गोष्ट आवर्जून सांगा : महिलांची झडती पडद्याआड, महिला जवानच घेतात. मंगळसूत्र आणि बांगड्या सहसा काढाव्या लागत नाहीत. पहिल्या प्रवासात अनेक स्त्रियांना याच गोष्टीची मनातून धास्ती असते आणि त्या ती बोलून दाखवत नाहीत.

पार्क चौक

लाउंजबद्दल. डेबिट कार्डावरील सवलत बहुधा देशांतर्गत लाउंजपुरती असते आणि तुमच्या आई-वडिलांचे विमान आंतरराष्ट्रीय आहे. इमिग्रेशन ओलांडल्यावर देशांतर्गत विभागाकडे परत येता येत नाही, म्हणून कार्डावर ‘आंतरराष्ट्रीय लाउंज’ समाविष्ट आहे का, एवढाच नेमका प्रश्न बँकेला विचारावा. आणखी दोन अटी पाहाव्यात : एका कार्डावर एकाच व्यक्तीला प्रवेश मिळतो, आणि अलीकडे अनेक बँका मागील तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच ही सोय देतात.

तरीही टर्मिनलमधील खाणे केवळ जोडखाणे समजावे, या ‘सात रस्ता’ यांच्या मताशी माझा थोडा मतभेद आहे. मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी लाउंज निरुपयोगी नाही. तेथे गरम वरण-भात किंवा इडली मिळण्याची शक्यता असते, स्वच्छतागृह जवळ असते आणि इन्सुलिन टोचायला निवांत कोपरा मिळतो. कार्ड चालत नसेल आणि विमानाला उशीर झाला, तर पैसे भरून आत जाण्याची सोय आहे का ते विचारावे. विमान वेळेवर असेल तर मात्र त्यात खर्च करू नये.

जुळे सोलापूर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खसखशीची बाब आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. आईने आजच मसाला वेगळा करायला घेतला आहे. चाकाच्या खुर्चीबाबत वडिलांना कसे समजवावे, आणि ती घेतल्यास खाण्यासाठी थांबता येते का?

सात रस्ता

टर्मिनल २ मध्ये काउंटरपासून गेटपर्यंतचे अंतर बरेच आहे आणि दुबईत गेट दुसऱ्या इमारतीत असल्यास त्याहून अधिक. ही सेवा अपंगत्वाचा शिक्का नसून अंतरासाठीची मदत आहे आणि तिकिटातच तिची तरतूद आहे, असे वडिलांना सांगावे. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवून दोन्ही विमानांसाठी तिची नोंद करून घ्यावी. खुर्ची ढकलणारा मदतनीस साधारणपणे प्रवाशाला थेट गेटापाशी नेऊन बसवतो आणि खाण्याची दालने मागे राहतात. यासाठी आईंनी सुरक्षा तपासणी संपताच त्याला ‘आधी दहा मिनिटे खायला थांबायचे आहे, मला इन्सुलिन आहे’ असे स्पष्ट सांगावे. सांगितल्यास ते थांबतात.

दुबईत विमान बदलताना सुरक्षा तपासणी पुन्हा होते, त्यामुळे मुंबईत भरलेले पाणी तेथे टाकावे लागेल. ड्यूटी फ्रीमधून अत्तर किंवा अन्य द्रव घ्यायचेच असेल तर ते दुबईत, शेवटच्या विमानापूर्वी घ्यावे, आणि दुकानदाराने मोहोरबंद केलेली पारदर्शक पिशवी घरी पोहोचेपर्यंत उघडू नये.