भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम पुढे ठेवून नेमके काय साधते?

उंबरठ्यावर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या डोंबिवलीच्या घरात तीन घड्याळे आहेत आणि त्यांतले एकही खरे बोलत नाही. बैठकीच्या खोलीतले बारा मिनिटे पुढे असते, स्वयंपाकघरातले सात मिनिटे पुढे असते आणि उशाशी ठेवलेले गजराचे घड्याळ तब्बल पंचवीस मिनिटे पुढे असते. हे आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहेत, अगदी दुसरीत शिकणाऱ्या मुलालाही. त्याची वजाबाकी पक्की होण्याचे श्रेय बाई स्वतःकडे घेतात, पण ते खरे आमच्या भिंतींचे आहे. थोडक्यात सांगायचे तर आमच्याकडे वेळ पाहिली जात नाही, वजा केली जाते.

गेल्या महिन्यात बैठकीतल्या घड्याळाचा सेल संपला. मी स्टुलावर चढून नवा सेल घातला आणि हात लागलाच आहे तर मोबाइलमध्ये पाहून काटे अगदी बरोबर लावले. बारा वर्षांच्या संसारात घरासाठी मी परस्पर घेतलेला हा बहुधा पहिलाच निर्णय असावा. घड्याळ बरोबर केले ही काही घरभर जाहीर करण्याजोगी गोष्ट आहे, असे मला वाटले नाही आणि मी कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सौभाग्यवतींनी घड्याळात आठ वाजून पाच मिनिटे पाहिली, सवयीने त्यांतून बारा वजा केली आणि अजून आठसुद्धा वाजलेले नाहीत या समाधानात आणखी दोन पोळ्या लाटायला घेतल्या. त्यांची ८.१७ ची लोकल अर्थातच त्यांच्यावाचून गेली. खाली शाळेचे रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असताना चिरंजीव एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होते. पण खरा अनर्थ रात्री घडला. सांगलीचे मामा दोन दिवसांसाठी आले होते आणि त्यांची परतीची गाडी कल्याणहून होती. मामांना आमच्या घड्याळाचा स्वभाव आठ-दहा वर्षांपासून ठाऊक असल्यामुळे ते निवांत पान जमवत बसले, मी दोनदा “मामा, निघायला हवे” म्हणालो तेव्हा “अरे, तुमचे बारा मिनिटे पुढे आहे ना, मला काय आज कळते आहे काय” असे म्हणून त्यांनी मलाच बसवले, आणि आम्ही कल्याणच्या जिन्यावर पोहोचलो तेव्हा गाडीच्या शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा तेवढा पाहायला मिळाला.

तेव्हापासून घरात मी आरोपी आहे. घड्याळ बरोबर होते, हा माझा बचाव ऐकून घ्यायलाही कोणी तयार नाही. उलट तोच माझ्यावरचा मुख्य आरोप आहे.

तरी जाणकारांना माझा प्रश्न असा आहे की, घड्याळ किती पुढे आहे हे सर्वांनाच माहीत असेल आणि सर्वजण तेवढे वजा करूनच वागत असतील, तर ते पुढे ठेवण्यात अर्थ काय? आणि आता ते पुन्हा पुढे करायचेच झाले, तर किती करावे?

जुना भाडेकरू

आपल्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे. दोष घड्याळ पुढे ठेवण्यात नाही, ते किती पुढे आहे हे घरभर माहीत असण्यात आहे.

आमच्या वडिलांनी हा प्रयोग आयुष्यभर केला. सुरुवातीला घड्याळ पाच मिनिटे पुढे असे. आम्हा भावंडांना त्याची सवय झाली, तेव्हा त्यांनी ते दहा मिनिटे पुढे केले. आम्ही दहाची वजाबाकी शिकलो, तेव्हा पंधरा झाले. महागाई वाढली की भत्ता वाढतो आणि भत्ता वाढला की महागाई वाढते, तसे ते चालले होते. मी अकरावीत असताना आमचे घड्याळ पस्तीस मिनिटे पुढे होते आणि शेजारच्या काकू आमच्याकडे भिशीला आल्या की साडेपाचलाच “अगंबाई, सहा वाजून गेले” म्हणून चपला घालू लागत.

शेवटी वडिलांनी पद्धत बदलली. दर रविवारी दुपारी सगळे झोपले की ते घड्याळ खाली काढत, पंचाने काच पुसत आणि काटे तीन ते नऊ मिनिटांच्या दरम्यान कुठेतरी लावून ठेवत. किती ते आईलाही सांगत नसत. त्यामुळे वजाबाकी करणाऱ्याला वजा काय करावे हेच कळेना आणि आम्ही मुकाट्याने घड्याळ सांगेल त्या वेळेला निघू लागलो. एकच अडचण राहिली. पुढे पुढे किती मिनिटे लावली होती हे वडिलांच्याही लक्षात राहीनासे झाले आणि ते स्वतः रोज खरी वेळ विचारायला समोरच्या बिऱ्हाडात जाऊ लागले.

मध्यान्ह

धागाकर्त्यांनी मनाला लावून घेऊ नये. ज्या मुंबईला ते रोज नोकरीसाठी जातात, ते अख्खे शहरच एकोणचाळीस मिनिटे पुढे लावलेल्या घड्याळावर चालते.

हिशेब सोपा आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, आणि ते रेखावृत्त आपल्यापासून फार लांब, मिर्झापूरजवळून जाते. मुंबई ७३ अंशांच्या किंचित अलीकडे आहे. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात, म्हणजे मिर्झापूरच्या डोक्यावर आलेला सूर्य मुंबईच्या डोक्यावर यायला साधारण एकोणचाळीस मिनिटे जातात. घड्याळात बाराचे ठोके पडतात, तेव्हा मुंबईच्या सूर्याचे अजून साडेअकराही वाजलेले नसतात. सकाळी उठवत नाही ही तक्रार त्यामुळे अगदीच निराधार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पूर्वी हा फरक लोकांना चांगलाच ठाऊक होता, कारण मुंबईला स्वतःची वेळ होती. ती ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटे पुढे असे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि ती मुंबईच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे होती, त्यामुळे गाडी पकडणाऱ्याला तेव्हाही घरचे घड्याळ पाहून मनातल्या मनात हिशेब करावाच लागे; फरक इतकाच की तुम्ही वजाबाकी करता, ते बेरीज करत. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईकरांना ती सहजासहजी पटली नाही आणि महापालिकेच्या घड्याळांवर मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. “साडेदहाला भेटू” म्हटल्यावर “कोणत्या साडेदहाला?” असे विचारणारा माणूस त्या काळी चेष्टेखोर नव्हे, वक्तशीर समजला जात असणार.

तेव्हा बैठकीतले घड्याळ एकोणचाळीस मिनिटे मागे लावावे आणि कोणी जाब विचारला तर सूर्याकडे बोट दाखवावे. मामांना मात्र आधी पत्र पाठवून कळवावे.

रिमोटची झाकणी

चर्चा फार वरच्या पातळीवर गेली आहे, म्हणून एक जमिनीवरचा मुद्दा मांडतो. आमच्या घरात घड्याळ पुढे आहे की मागे हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यातला पेन्सिल सेल क्रिकेटचा सामना सुरू झाला की टीव्हीच्या रिमोटमध्ये जातो. रिमोटमधला दमलेला सेल आधी तळहातावर आपटून, मग बोटाने गोल फिरवून आणि अखेरीस दाताने किंचित चेपून पाहिला जातो, आणि एवढे छळ सोसूनही तो दाद देत नाही, तेव्हा त्याची बदली घड्याळात होते. तिथे तो आठवडाभर काढतो. मग सेकंदाचा काटा नवाच्या आकड्यापाशी जाऊन जागच्या जागी थरथरू लागतो, कारण तिथून त्याला सरळ वर चढायचे असते आणि अंगात तेवढे बळ उरलेले नसते. मीही पाय दुखतात म्हणून हल्ली दुसऱ्या मजल्यावर थांबतो, त्यामुळे त्या काट्याला हसण्याचा अधिकार मला नाही. (दाताने सेल चेपू नये, हे मुलांना सांगतो, मी स्वतः ते पाळत नाही.)

थंडीतली खिडकी

मी इंग्लंडात राहते. हिवाळ्यात इथली आणि भारताची वेळ यांत साडेपाच तासांचा फरक असतो, आणि त्यातली गंमत अशी की काट्यांचे घड्याळ उलटे धरले की भारतातली वेळ वाचता येते. इथे तीन वाजलेले असताना मनगट फिरवून पाहावे, तिथे साडेआठ झालेले दिसतात. उन्हाळ्यात इथली घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि ही युक्ती ऑक्टोबर संपेपर्यंत बासनात जाते.

गेल्या हिवाळ्यात आई राहायला आली तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला हे दाखवले. तिने घड्याळ उलटे धरले, सुलटे धरले आणि म्हणाली, “बरोबर आहे गं, पण हे दहा मिनिटे मागे आहे.” साताऱ्याच्या घरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे असते, आणि तिच्या लेखी भारताची वेळ म्हणजे तीच. तिच्या समाधानासाठी मी स्वयंपाकघरात एक वेगळे घड्याळ टांगले, भारताच्या वेळेचे आणि वर दहा मिनिटे पुढे. ती परत गेली तरी ते तसेच आहे. भावाला फोन करताना मी त्याच घड्याळात पाहते आणि दहा वजा करते. मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, पण या जडलेल्या खोडीवर सात समुद्रांचा काही परिणाम होत नाही, एवढे खात्रीने सांगू शकते.

उंबरठ्यावर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. जुना भाडेकरू यांचा उपाय मला सर्वांत जास्त पटला आणि परवा रविवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी तो अमलात आणला. स्टूल करकरला, पण कोणी उठले नाही. काटे सातच्या आसपास पुढे लावले. संध्याकाळी चहाच्या वेळी सौभाग्यवती घड्याळाकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग त्यांनी मोबाइल पाहिला, पुन्हा घड्याळ पाहिले आणि काही न बोलता आत गेल्या. मी मनात जिंकलो. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठलो तर फ्रिजवर चुंबकाखाली कागदाचा चिटोरा लावलेला होता आणि त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते, “बैठक ७, स्वयंपाकघर ७, गजर २५.”

मध्यान्ह यांना कळवतो की पत्राची गरज पडली नाही. मामांचा काल रात्री फोन आला होता. पुढच्या शनिवारी येत आहेत. सगळ्यांची खुशाली नंतर विचारली, आधी म्हणाले, “तुमचे सध्या किती पुढे आहे ते सांग, लिहून घेतो.”