आयबीएम आयवर स्विंगची खिडकी उघडत नाही, आणि पीसीवरून एसक्यूएल ७००८

सूतगोदाम_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना. सूतसाठा आणि डिस्पॅच सगळं आयबीएम आय ७.४ वर (आयबीएमच्या सर्व्हर मशिनची ऑपरेटिंग सिस्टम), आरपीजीत (तिथली जुनी प्रोग्रामिंग भाषा). गोदामातल्या पोरांसाठी ग्रीन स्क्रीनऐवजी (नुसत्या अक्षरांचा जुना टर्मिनल पडदा) स्विंगमध्ये (जावातलं खिडक्या-फॉर्म करायचं साधन) फॉर्म केलाय: काउंट (सुताची जाडी), लॉट नंबर, कोन, वजन. जार (जावा प्रोग्रामची फाइल) मशिनवरच ठेवून क्यूशेलमधून (तिथली कमांड लाइन) चालवली की हेडलेस एक्सेप्शन, म्हणजे 'पडदा नाही' असा एरर येतो. पीसीवर तीच जार उघडते, पण सेव्ह करताना एसक्यूएल ७००८ हा एरर येतो आणि १२३ लॉटच्या जागी एफ१एफ२एफ३ दिसतं. हेडर आणि लाइन अशा दोन फायली एकदम लिहायच्या आहेत, म्हणून ऑटोकमिट (प्रत्येक बदल लगेच कायम करणं) बंद ठेवलंय.

जर्नल_रिसीव्हर
मशिनवर खिडकी उघडायचा नाद सोडा. त्याला स्वतःचा ग्राफिक पडदाच नाही. पेसमध्ये (मशिनमधला युनिक्ससारखा भाग) व्हीएनसी (दूरचा पडदा दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून उघडता येते, पण ते एखाद्या इन्स्टॉलरपुरतं ठीक. रोजच्या एंट्रीला नाही. स्विंग पीसीवर, डेटा मशिनवर, मधे टूलबॉक्सची (मशिनशी बोलणारी आयबीएमची जावा लायब्ररी) जेटी४०० जार, हीच मांडणी बरोबर. आयबीएमचं ॲक्सेस क्लायंट सोल्युशन्सही असंच पीसीवर चालणारं जावाच आहे.

७००८ चं कारण तुम्हीच लिहिलंय. ऑटोकमिट चालू असताना टूलबॉक्स कमिटमेंट कंट्रोलशिवाय (बदल एकत्र कायम किंवा रद्द करायची सोय) लिहितो, त्यामुळे फाइल जर्नलवर (बदलांची नोंदवही) नसली तरी चालतं. ते बंद केलं की आयसोलेशन (कमिटमेंट कंट्रोलची पातळी) लागू होतं आणि जर्नल नसलेल्या फाइलवर लिहायला डीबी२ (मशिनचा डेटाबेस) नकार देतो. आयसोलेशन 'नन' करून एरर जाईल, पण मग रोलबॅकही (अर्धवट बदल मागे घेणं) गेला: हेडर पडलं, लाइन नाही, असं होणार. तेव्हा दोन्ही फायली जर्नलवर घ्या. आधी रिसीव्हर (जर्नलच्या नोंदी साठतात तो), मग जर्नल, मग शिफ्ट संपल्यावर 'स्टार्ट जर्नल फिजिकल फाइल' ही कमांड. जुन्या आरपीजीत कमिट लिहिलेलं नसेल तर ते आहे तसंच चालतं. रिसीव्हर बदलायचं काम सिस्टमकडे द्या. जुने आपोआप पुसायचे का, हे मात्र बॅकअप बघून ठरवा. सेव्ह न होता गेले तर रिकव्हरीला काही उरत नाही.

कमिट होईपर्यंत रेकॉर्ड लॉक राहतं हेही लक्षात असू द्या. खिडकी उघडी टाकून पोरगा चहाला गेला की तिकडे आरपीजी त्याच रेकॉर्डसाठी थांबतं (फाइलची डिफॉल्ट मुदत ६० सेकंद) आणि १२१८ स्टेटसवर (रेकॉर्ड लॉक आहे) पडतं. म्हणून ट्रान्झॅक्शन सेव्हचं बटण दाबल्यावरच सुरू करा.

एफ१एफ२एफ३ म्हणजे एबसिडिकमधले (या मशिनची अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत) १, २, ३. रकान्याचा सीसीएसआयडी (कुठल्या पद्धतीची अक्षरं ते सांगणारा क्रमांक) ६५५३५ असल्यामुळे ड्रायव्हर त्याला अक्षरं न समजता बायनरी समजतो. कनेक्शनमध्ये 'ट्रान्सलेट बायनरी' ट्रू केलं की वाचता येईल, पण खरे बायनरी रकानेही रूपांतरित होतील. त्यापेक्षा एक व्ह्यू करून लॉट नंबर कास्टने सीसीएसआयडी ३७ मध्ये आणा.

पॅक्ड_डेसिमल
@सूतगोदाम_सोलापूर, वजनाची तपासणी आरपीजीतच असेल ना? मग एसक्यूएलने थेट फाइलमध्ये लिहू नका, ती तपासणी वगळली जाते. टूलबॉक्सचा प्रोग्राम-कॉल क्लास वापरा, त्याने जावातून आरपीजी प्रोग्राम चालवता येतो. वजन ९,२ पॅक्ड (एकूण ९ अंक, त्यातले २ दशांश) असेल तर ५ बाइट. जावाकडून बिगडेसिमल (अचूक दशांश) द्या, डबल (अंदाजे दशांश) नको. प्रोग्रामने पडदा मागितला तर कॉल पडतो, कारण ते बॅचमध्ये चालतं. एंट्रीचा भाग वेगळा काढावा लागेल.

सूतगोदाम_सोलापूर
धन्यवाद सर. जर्नल झालं, ७००८ गेला. प्रोग्राम-कॉलला मात्र एमसीएच३४०१, ऑब्जेक्ट सापडत नाही. ग्रीन स्क्रीनवर त्याच युजरने चालतो!

पॅक्ड_डेसिमल
ग्रीन स्क्रीनवर साइन ऑन झालं की इनिशियल प्रोग्राम लायब्ररी लिस्ट (प्रोग्राम-फायली कुठे शोधायच्या याची यादी) लावतो. इथे तो चालतच नाही. युजरच्या जॉब डिस्क्रिप्शनमधली (जॉबच्या ठरलेल्या सेटिंग्ज) लिस्ट मिळते. तिथे लायब्ररी घाला. आणि कॉल फॉल्स परतला की मेसेज लिस्ट लॉगमध्ये लिहीत जा.

पोर्ट_८४७१
दोन गोष्टी राहिल्या. फायरवॉलमध्ये ४४९ (पोर्ट मॅपर), ८४७६ साइन ऑन, ८४७१ डेटाबेस, ८४७५ प्रोग्राम-कॉल. टीएलएस असेल तर ९४७६, ९४७१, ९४७५. जॉब लॉग हवा असेल तर युजरच्या नावाने जॉब शोधू नका, डेटाबेसचे जॉब क्यूयुजर या सिस्टमच्या युजरच्या नावाने दिसतात. युजर प्रोफाइलवर 'वर्क विथ ऑब्जेक्ट लॉक्स' ही कमांड चालवा, तिथे नेमका जॉब मिळतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. आजवर मेनूत ऑप्शन नाही म्हणून पोरं दर बघू शकत नव्हती. फाइलचा पब्लिक अधिकार (वेगळा अधिकार न दिलेल्या सगळ्यांचा) 'चेंज' असेल तर जेडीबीसीतून (जावाची डेटाबेसशी जोडणी) तोच युजर दराची फाइल वाचेल आणि बदलेलही. फॉर्म वाटण्याआधी पब्लिक 'एक्सक्लूड' (मनाई) करा आणि अधिकार प्रोग्रामच्या मालकाकडून अडॉप्ट करा, म्हणजे तो प्रोग्राम चालू असेपर्यंतच मिळतो.

सूतगोदाम_सोलापूर
पब्लिक चेंजच आहे, सगळीकडे. पार्टीचं नाव मराठीत टाकलं तर चालेल का?

जर्नल_रिसीव्हर
लेबलं मराठीत बिनधास्त ठेवा, ती पीसीवरच असतात. डेटा मात्र ३७ च्या रकान्यात देवनागरी गेला की अक्षरांऐवजी सबस्टिट्यूशन कॅरेक्टर बसतात, परत मिळत नाहीत. त्यासाठी सीसीएसआयडी १२०० चा (युनिकोड) वेगळा रकाना घ्या. पण आधी अधिकारांचं काम उरका.