घरी वजन करण्यासाठी भरवशाचा काटा कोणता घ्यावा? (इंदूर)

उंबरठा:
नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय ५४. गेल्या महिन्यात गुडघेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेले असता त्यांनी औषध वाढवण्याऐवजी सहा किलो वजन उतरवण्यास सांगितले आणि ते नियमाने लिहून आणा असे बजावले. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा स्प्रिंगचा काटा आहे. त्यावर सरळ उभे राहिले की सुई ७२ वर जाते, किंचित पुढे झुकले की ७० वर येते, आणि खरे सांगायचे तर काही दिवस मी झुकूनच वजन करत होते. त्याच दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर मात्र ७३.४ भरले. आता नवा काटा घ्यायचा आहे. दीड हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. शरीरातली चरबी दाखवणारा काटा घेण्यात अर्थ आहे का, वजन रोज करावे की आठवड्यातून एकदा, आणि काटा खरा आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सियागंजवाले:
ताई, आमचे सियागंजात पिढीजात किराण्याचे ठोक दुकान आहे, त्यामुळे काट्यांशी रोजचा संबंध. दुकानातली वजने आणि काटे नापतौल विभागाकडून ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात, घरगुती काट्यावर तसा शिक्का सहसा नसतो. म्हणून त्याची परीक्षा आपणच घ्यायची असते, आणि ती घेताना बहुतेक लोक चुकीचा प्रश्न विचारतात. 'दवाखान्यात ७३.४ आणि घरी ७२, मग खरे कोणते?' हा प्रश्न आपल्या कामाचा नाही. आपल्याला सहा किलो उतरवायचे आहेत. काटा कायम एक किलो कमी दाखवत असला तरी सुरुवातीलाही तेवढाच कमी दाखवेल आणि शेवटीही, उतरलेले सहा किलो सहाच दिसतील. धोका दोनच गोष्टींत असतो. एक, लागोपाठ पाच वेळा उभे राहिल्यावर पाच निराळे आकडे येणे, आणि दुसरे, वजनातला फरक कमी-जास्त दिसणे.

दुसऱ्या गोष्टीसाठी बंद पिशवीतले १० किलो पीठ पुरते. नुसती पिशवी काट्यावर ठेवून विशेष काही कळत नाही, कारण आपला कारभार सत्तर किलोंच्या आसपास चालणार आहे आणि कित्येक डिजिटल काटे हलक्या वजनाला नीट जागेही होत नाहीत. म्हणून आधी माणसाने एकट्याने उभे राहावे, मग पिशवी हातात घेऊन. फरक १० किलो आणि वर पिशवीचे थोडेसे, इतका यायला हवा. आपला गुडघा दुखतो तेव्हा हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगा, परीक्षा काट्याची आहे. पाच लिटरचा तेलाचा डबा मात्र यासाठी वापरू नका. तेल पाण्यापेक्षा हलके असते, पाच लिटर तेल साधारण साडेचार किलोच भरते (डब्यावर तसे छापलेलेही असते), आणि लोक विनाकारण काट्याला दोष देतात.

आणखी एक खोड तपासा. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवे वजन त्याच्या जवळपास असेल तर मुकाट्याने जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. काटा फार स्थिर आहे असे वाटून गिऱ्हाईक खूश होते. एकदा वजन करा, मग पाण्याचा भरलेला पेला हातात घेऊन पुन्हा उभे राहा. पाव किलो वाढले नाही तर तो काटा घेऊ नका.

अनुस्वार:
वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, म्हणून जागेविषयी भर घालतो. डिजिटल काट्याच्या चार पायांत चार सेल असतात. वजनाने त्यांतली धातूची पट्टी अगदी सूक्ष्म वाकते, त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलावरून आकडा काढला जातो. चारांपैकी एक पाय फरशीच्या सांध्यात अडकला किंवा सतरंजीवर टेकला, तर वजनाची वाटणी बिघडते आणि आकडा चुकतो. याला 'बाथरूमचा काटा' म्हणण्याची पद्धत आहे, पण आपल्याकडच्या बाथरूमची फरशी मोरीकडे उतरती असते आणि जमीन सदा ओली. तिथे काटाही खराब होईल आणि ओल्या पायांनी काचेवरून घसरून गुडघ्याचे दुखणे वाढेल ते वेगळेच. खोलीतली एक सपाट, कोरडी फरशी पक्की करा. काटा उचलून दुसरीकडे ठेवला असेल तर आधी पायाने हलकेच दाबून सोडून द्या, शून्य दिसून तो बंद झाला की मगच उभ्या राहा.

आकडा १०० ग्रॅमऐवजी ५० ग्रॅमच्या टप्प्याने दिसतो म्हणजे काटा जास्त अचूक, असे मुळीच नाही. ती फक्त छपाई बारीक आहे.

पहाटफेरी:
मी मधुमेही आहे आणि दीड वर्षात अकरा किलो उतरवले आहेत, म्हणून रोज की आठवड्याने या प्रश्नावर अधिकाराने बोलू शकतो असे मला वाटते. रोज करावे, मात्र रोजच्या आकड्याचे काहीही मनावर घेऊ नये. सकाळी उठून प्रातर्विधी उरकल्यावर, चहाच्याही आधी, त्याच हलक्या कपड्यांत. सात दिवसांची बेरीज करून सातांनी भागायचे आणि ती सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहायची. आठवड्यातून एकदाच वजन करणाऱ्याचा नेमका वाईट दिवस निघाला तर सबंध आठवड्याची मेहनत फुकट गेल्यासारखे वाटते.

माझेच उदाहरण देतो. पाहुणे आले म्हणून रात्री सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, गराडू आणि वर जिलबी. सकाळी १.६ किलो जास्त! दोन दिवस तोंड पाडून हिंडलो. मग आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडून दाखवला. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठतात, म्हणजे दीड किलो चरबी एका रात्रीत चढवायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढे अख्ख्या सराफ्याला जमले तरी मला जमणार नाही. वाढले होते ते पाणी. मीठ पाणी धरून ठेवते, आणि पिष्टमय पदार्थांचा जो साठा स्नायूंत नि यकृतात होतो, त्यातल्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही येते. चौथ्या दिवशी सगळे उतरले. पथ्य सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात भराभर उतरते तेही बरेचसे हेच पाणी असते, म्हणून तेव्हाही हुरळून जाऊ नका. पुढे आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर उत्तम चालले आहे असे समजा.

दवाखान्यातला आकडा दुपारचा, जेवणानंतरचा आणि साडीसकट होता का? मग त्यातला किलोभर तिथेच सापडला.

मधली_बहीण:
चरबी दाखवणाऱ्या काट्याबद्दल लिहिते. आमच्याकडे असा काटा आहे. तो तळपायांतून अतिशय सौम्य वीजप्रवाह सोडून शरीराचा रोध मोजतो आणि त्यावरून, वय, उंची इत्यादी विचारून घेऊन, सूत्राने चरबीचा अंदाज बांधतो. प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, पोटाच्या वरच्या भागाची त्याला फारशी दाद नाही. पाणी कमी-जास्त प्यायले, नुकतेच फिरून आले, की टक्केवारी बदलते. माझ्या मते त्या पैशांत साधा काटा आणि शिंप्याकडची मोजपट्टी घ्यावी. भारतीय बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांसाठी ९० च्या आत असावा असे सांगतात, आणि पट्टीला बॅटरी लागत नाही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांनी अशा काट्यावर उभे राहू नये. माझ्या वडिलांना पेसमेकर आहे आणि हृदयही अशक्त आहे, म्हणून त्यांच्यासाठी साधा काटा वेगळा ठेवला आहे. त्यांचे वजन रोज करतो ते निराळ्या कारणाने. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा सरासरीची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच फोन करायचा असे त्यांनी आम्हाला सांगून ठेवले आहे.

उंबरठा:
सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण करून पाहूनच लिहावे असे ठरवले होते. दवा बाजारात दोन दुकाने पाहिली. पहिल्या ठिकाणी पाण्याची बाटली हातात घेऊन उभी राहिले तरी आकडा जागचा हलला नाही, सियागंजवाले दादांचे शब्द आठवले आणि तशीच खाली उतरले. दुसरीकडे साधा काचेचा डिजिटल काटा अकराशेला मिळाला. घरी आल्यावर ह्यांना पिठाच्या पिशवीसकट उभे केले. एकट्यांचे ८१.३, पिशवीसह ९१.४. देवघराशेजारच्या फरशीवर चारही पायांभोवती खडूने खुणा करून ठेवल्या आहेत.

दवाखान्यात त्या दिवशी खरोखरच जेवून, साडी नेसून गेले होते. आता सकाळच्या सरासऱ्या अनुक्रमे ७२.४, ७२.१ आणि ७१.७ अशा आहेत. मधल्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यात दाल-बाफले झाले, दुसऱ्या दिवशी ७३.२ भरले, पण तो आकडा शांतपणे वहीत लिहून पोळ्या करायला गेले.

आता एक शेवटची शंका. आज सकाळी पडद्यावर 'लो' अशी अक्षरे आली आणि मग ७०.९ असा आकडा दिसला. तो धरावा का?

सियागंजवाले:
धरू नका, मोह होत असला तरी खोडून टाका. बॅटरी उतरली आहे. नवी घातल्यावर काट्यामागची किलो-पौंडाची कळ चुकून दाबली गेली नाही ना ते पाहा, नाहीतर उद्या १५८ भरतील आणि आपण घाबराल. खडूच्या खुणांतच ठेवून पिशवीची परीक्षा पुन्हा एकदा घ्या आणि परवापासून लिहायला लागा. या आठवड्याची बेरीज पाच दिवसांचीच झाली तर पाचांनी भागा.